शिष्यवृत्तीची नोंदवही आणि बोलका संगणक

दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : पुढे शिकावयाचे कोठे आणि राहावयाचे कोठे ? चोपडा, यावल, मुक्ताईनगरकडील मुले-मुली जळगावला येतात. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडील धुळ्याला येतात. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाही तर खोलीचे भाडे व खानावळीचा खर्च बापाच्या मजुरीवर पडतो. शासनाच्या योजना नाहीत असे नाही. परंतु योजना असणे आणि ती योग्य विद्यार्थ्याला योग्य वेळी कळणे यांत फार अंतर आहे. अर्जाची मुदत एकदा हुकली की वर्षभराचे भाडे अंगावर येते, आणि कित्येकदा त्यातूनच शिक्षण सुटते.

पूर्वी ही माहिती संस्थेच्या फलकावरून, शिक्षकांकडून किंवा समाजकल्याण कार्यालयात खेटे घालून मिळत असे. आज विद्यार्थी प्रथम कृत्रिम बुद्धिमत्तेला, म्हणजे ए. आय. ला विचारतो. मराठीत विचारले तरी उत्तर मराठीत व तत्परतेने येते. त्यात वाईट काही नाही. मात्र ते उत्तर कोठून येते, त्यावर कितपत विसंबावे आणि ते खरे ठरावे म्हणून आपल्या संस्थेला काय करता येईल, हे समजून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी 'एक्स्टेन्शन' नावाची एक सोय आता उपलब्ध आहे. या लेखात आम्ही तिला 'जोडणी' म्हणू आणि ती कशी तयार करावयाची ते सांगू.

ए. आय. चुकते कोठे ?

ए. आय. ने पुष्कळ मजकूर वाचलेला असतो, पण तो एका ठराविक तारखेपर्यंतचा. त्यानंतर निघालेला शासन निर्णय त्याच्या स्मरणात नसतो. शिवाय ते पुस्तक उघडून पाहत नाही. वाचलेल्याच्या आधारे संभवनीय वाटणारे वाक्य रचते. म्हणून माहिती नसली तरी वाक्य मात्र ठाम येते. काही ॲप इंटरनेटवर शोधही घेतात, परंतु तेथे जुनी-नवी पाने शेजारी-शेजारी पडलेली असतात. आपल्या कामाशी संबंधित तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण नावाचे. महाराष्ट्र शासनाची 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' ही सन २०१६-१७ पासून सुरू झाली. तिचा शासन निर्णय ६ जानेवारी २०१७ चा आहे. वसतिगृहास पात्र असूनही प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास व इतर खर्चासाठीची रक्कम थेट बँक खात्यात देणारी ही योजना आहे. परंतु केंद्र सरकारची 'स्वाधार गृह' ही निराधार महिलांसाठीची अगदी वेगळी योजना होती. ती पुढे 'शक्ती सदन' या नावाखाली आली. नुसते 'स्वाधार' म्हटले तर ए. आय. एकीची माहिती दुसरीत मिसळू शकते.

दुसरे उदाहरण काळाचे. अनुसूचित जातींबाबतच्या १९५० च्या आदेशात प्रथम मुख्यतः हिंदूंचाच समावेश होता. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. १९९० पूर्वीचे लेख व पुस्तके यांत केंद्राच्या सवलती बौद्धांना नाहीत असे लिहिलेले आढळेल, आणि ते त्या वेळी खरेच होते. ए. आय. ने दोन्ही काळांतील मजकूर वाचलेला असतो. त्यातील जुना धागा त्याच्या उत्तरात आला, तर एखादा बौद्ध विद्यार्थी 'आपल्याला मिळत नाही' असे समजून अर्जच करणार नाही.

तिसरे उदाहरण स्थळाचे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे शहादा-तळोद्याच्या आजोबांच्या कागदावर धुळे जिल्हा असतो, त्याहून जुन्या कागदावर पश्चिम खानदेश असतो. जळगावचे विद्यापीठ १९९० साली 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' म्हणून स्थापन झाले, २०१८ पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. नातवाने एक नाव विचारावे आणि माहिती दुसऱ्या नावाखाली असावी, असे नेहमी घडते.

या तिन्ही चुकांचे कारण एकच : ए. आय. च्या समोर आपला कागद नाही. तो समोर ठेवण्याची व्यवस्था म्हणजे जोडणी.

जोडणी म्हणजे काय ?

एखाद्या कचेरीची कल्पना करा. खिडकीवर एक कारकून बसला आहे. तो हुशार आहे, गोड बोलतो, मराठी-इंग्रजी दोन्ही जाणतो. पण दप्तरखान्याची किल्ली त्याच्याजवळ नाही. त्यामुळे तो आठवणीवर उत्तरे देतो. आता त्याला एक शिपाई दिला. कारकुनाने चिठ्ठीवर लिहावयाचे, 'स्वाधार योजनेचा कागद आण'. शिपायाने दप्तरखान्यात जाऊन नेमका तो कागद आणावयाचा. आणि कारकुनाने तो पाहून उत्तर द्यावयाचे. यातील कारकून म्हणजे ए. आय., दप्तरखाना म्हणजे आपली नोंदवही आणि शिपाई म्हणजे जोडणी.

ही चिठ्ठी कशी लिहावी याचे नियम ठरलेले आहेत. अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या नावाने ते सर्वांसाठी खुले केले. पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही ते स्वीकारले. २०२५ मध्ये त्याच कंपनीने आपल्या 'क्लॉड' या संगणकावरील ॲपसाठी जोडणी एकाच फाइलमध्ये बांधून देण्याची सोय केली. या फाइलच्या नावाच्या शेवटी प्रथम 'डीएक्सटी' अशी अक्षरे असत, त्याच वर्षी ती बदलून 'एमसीपीबी' झाली. ती फाइल म्हणजे वस्तुतः एक झिप गठ्ठाच असतो. आम्ही येथे क्लॉडचे उदाहरण घेतले आहे. तत्त्व इतरत्रही तेच आहे. एवढे ध्यानात ठेवावे की अशी स्थानिक जोडणी टेबलावरच्या संगणकातील ॲपमध्येच चालते, मोबाइलवर नाही. म्हणून तिची जागा म्हणजे संस्थेची अभ्यासिका.

आधी नोंदवही

पुष्कळांना वाटते की अवघड काम प्रोग्रॅमचे आहे. आमच्या मते अवघड काम नोंदवहीचे आहे, कारण शिपाई कितीही चपळ असला तरी दप्तरात नसलेला कागद तो आणू शकत नाही, आणि चुकीचा कागद असेल तर तोच आणील.

नोंदवही साध्या तक्त्याची असावी. एका योजनेला एक ओळ. रकाने पुढीलप्रमाणे : योजनेचे पूर्ण नाव, प्रचारातील इतर नावे, कोणासाठी, कोणत्या शिक्षणासाठी, मुख्य अटी, लागणारे दाखले, अर्ज कोठे करावा, अर्जाची शेवटची तारीख, शासन निर्णयाचा दिनांक व संकेतांक, आणि शेवटचा परंतु सर्वांत महत्त्वाचा रकाना, 'कोणत्या तारखेस व कोणी तपासले'.

'इतर नावे' या रकान्यात 'स्वाधार', 'होस्टेलचे पैसे', 'खोलीभाडे योजना' अशी लोकांच्या तोंडची नावे लिहावीत. शासन निर्णयावर संगणक संकेतांक छापलेला असतो, तो जसाच्या तसा उतरवावा. त्यावरून मूळ निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही काढून पाहता येतो. अटींचा रकाना मूळ निर्णय समोर ठेवूनच भरावा, वर्तमानपत्रातील बातमीवरून भरू नये. योजनेचा शासन निर्णय एकदा निघाला की संपले असे नसते. पुढे शुद्धिपत्रके व सुधारित निर्णय निघत राहतात. म्हणूनच तपासल्याच्या तारखेला एवढे महत्त्व आहे.

जोडणीची बांधणी

आता प्रोग्रॅमकडे वळू. बी. सी. ए., बी. एस्सी. कॉम्प्युटर किंवा तंत्रनिकेतनात शिकणारा विद्यार्थी हे काम थोड्या दिवसांत करू शकेल. जावास्क्रिप्ट ही भाषा निवडणे सोयीचे, कारण ती चालविणारे 'नोड' क्लॉडच्या ॲपसोबतच येते. वापरणाऱ्यास वेगळे काही बसवावे लागत नाही. नियम पाळण्याचा तयार संचही विनामूल्य मिळतो, त्यामुळे चिठ्ठीचे व्याकरण स्वतः लिहावे लागत नाही.

गठ्ठ्यात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक, 'मॅनिफेस्ट' नावाची फाइल, म्हणजे जोडणीचे ओळखपत्र. त्यात नाव, आवृत्ती, कर्ता, थोडक्यात वर्णन आणि प्रोग्रॅम कोणत्या फाइलपासून सुरू करावा ही माहिती असते. दोन, प्रत्यक्ष प्रोग्रॅम.

नोंदवही मात्र गठ्ठ्यात घालू नये. ती संगणकावर बाहेर ठेवावी आणि 'नोंदवहीची फाइल कोणती ?' हा प्रश्न जोडणी बसविताना विचारला जाईल अशी तरतूद ओळखपत्रात करावी. यात दोन लाभ आहेत. नोंदवहीत बदल झाला म्हणून जोडणी पुन्हा बांधावी लागत नाही. आणि तीच जोडणी जळगावला जळगावची व धुळ्याला धुळ्याची नोंदवही दाखवून वापरता येते.

प्रोग्रॅममध्ये ए. आय. ला वापरता येतील अशी 'साधने' लिहावयाची असतात. आपल्याला तीनच पुरेत. पहिले साधन, शब्द दिला असता जुळणाऱ्या योजनांची नावे देणे. दुसरे, एका योजनेची संपूर्ण ओळ देणे. तिसरे, पुढील तीस दिवसांत मुदत संपणाऱ्या योजना देणे. साधनाचे नाव इंग्रजी अक्षरांत ठेवावे, पण त्याचे वर्णन मराठीत लिहिता येते. हे वर्णन काळजीपूर्वक लिहावे, कारण कोणत्या प्रश्नाला कोणते साधन वापरावयाचे हे ए. आय. त्या वर्णनावरूनच ठरविते. 'माहिती देते' एवढेच लिहिले तर त्याला बोध होणार नाही. 'जळगाव-धुळे जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्ती, वसतिगृह व निर्वाह भत्ता योजना संस्थेच्या तपासलेल्या नोंदवहीतून शोधते' असे लिहिले तर होईल.

लिहिणाऱ्याने पुढील चार पथ्ये पाळावीत.

(१) साधने फक्त वाचणारी असावीत. नोंदवहीत बदल करण्याचे साधन ए. आय. च्या हाती देऊ नये. बदल माणसानेच करावा.

(२) योजना सापडली नाही तर रिकामे उत्तर परत करू नये. 'नोंदवहीत ही योजना नाही. समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात चौकशी करावी' असे स्पष्ट वाक्य परत करावे. रिकामी जागा दिसली की ए. आय. ती आठवणीने भरू पाहते.

(३) मुदत संपली की नाही याचे गणित प्रोग्रॅमने संगणकाच्या तारखेवरून करावे, ते ए. आय. वर सोपवू नये.

(४) ॲप व प्रोग्रॅम एकमेकांशी ज्या मार्गाने बोलतात त्या मार्गावर दुसरा कोणताही मजकूर छापू नये. 'काम सुरू झाले' अशी एक साधी ओळ जरी त्यात शिरली तरी ॲपला चिठ्ठी वाचता येत नाही व जोडणी बंद पडते. अशा नोंदी त्रुटींसाठी असलेल्या वेगळ्या मार्गाने पाठवाव्यात.

प्रोग्रॅम तयार झाल्यावर गठ्ठा बांधण्याची आज्ञा दिली की एक फाइल तयार होते. ॲपच्या सेटिंगमधील एक्स्टेन्शनच्या पानावर ती टाकली की ॲप तिचे नाव व कर्ता दाखवून परवानगी मागते. होकार दिला व नोंदवहीची फाइल दाखविली की काम संपले. पुढे ए. आय. एखादे साधन वापरू लागते तेव्हाही ॲप परवानगी विचारते. प्रारंभी ती प्रत्येक वेळी वाचूनच द्यावी.

मराठीच्या अडचणी

इंग्रजी पुस्तकांत न सांगितलेल्या काही अडचणी आपल्यापुढे येतात. पहिली टंकाची. संस्थांच्या जुन्या फाइली श्री-लिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण आत भलतीच अक्षरे साठलेली असतात; शोधात त्यांतून काहीही निघत नाही. नोंदवही युनिकोडमध्येच हवी. जुना मजकूर बदलून घ्यावा आणि एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण बदलताना जोडाक्षरे बिघडतात.

दुसरी अडचण अक्षरांची. 'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ्या' संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठू शकतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणकाला ते भिन्न शब्द वाटतात. तसेच मराठी आकडे व इंग्रजी आकडे. शोध घेण्यापूर्वी प्रोग्रॅमने दोन्हींकडची रूपे एकसारखी करून घ्यावीत.

तिसरी गोष्ट बोलीची, आणि येथे ए. आय. चा खरा उपयोग आहे. एखाद्या मुलाने अहिराणीत 'माले होस्टेलमा जागा भेटनी नही' असे लिहिले, तर नोंदवहीला ते कळणार नाही. परंतु त्यातून 'वसतिगृह' हा शब्द काढून चिठ्ठीवर लिहिणे ए. आय. ला सहसा जमते. म्हणजे भाषा समजणे हे त्याचे काम आणि खरी माहिती पुरविणे हे नोंदवहीचे काम, अशी ही विभागणी आहे.

काय आत ठेवू नये

याबाबत आम्हांस अधिक आग्रहाने सांगावयाचे आहे. जोडणी आपल्याच संगणकावर चालते, त्यामुळे सर्व काही घरातच राहते असा समज होतो. तो खरा नाही. नोंदवही संगणकावरच राहते, परंतु शिपायाने आणलेला कागद उत्तर तयार करण्यासाठी इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो. म्हणून नोंदवहीत योजनांचीच माहिती असावी. विद्यार्थ्यांची नावे, आधार क्रमांक, जातीच्या दाखल्याचे क्रमांक, बँक खाते, वडिलांचे उत्पन्न यांतील काहीही त्यात किंवा त्या संभाषणात येऊ देऊ नये. जात व उत्पन्न हे सवलतीसाठी सांगावे लागतात, म्हणून ते कोठेही सांगत सुटावे असे नाही. कोणाचा अर्ज भरला आणि कोणाचा राहिला याची यादी संस्थेने कागदी वहीत ठेवावी, हेच बरे.

दुसरी सावधगिरी अशी की कोणीही दिलेली जोडणी बसवू नये. ती बसविली म्हणजे एक प्रोग्रॅम आपल्या संगणकावर आपल्याच अधिकाराने चालू लागतो. ज्याचा कर्ता आपणास ठाऊक आहे आणि ज्याचा मजकूर आपल्यापैकी कोणी तरी वाचला आहे, तीच वापरावी.

तपासणी

विद्यार्थ्यांसाठी खुली करण्यापूर्वी दहा-बारा प्रश्नांची यादी करावी. त्यांची खरी उत्तरे आधी कागदावर लिहून ठेवावीत. काही प्रश्न सरळ असावेत, काही बोलीतले, काही जुन्या नावांनी, आणि निदान दोन प्रश्न अस्तित्वात नसलेल्या योजनांविषयी असावेत. न असलेल्या योजनेबद्दल 'नोंदवहीत नाही' असे उत्तर आले तरच जोडणी विश्वासास पात्र समजावी.

इतके करूनही दोन गोष्टी उरतात. ए. आय. कधी कधी साधन न वापरताच उत्तर देते. म्हणून विद्यार्थ्याने प्रश्नातच 'नोंदवही पाहून सांग' असे लिहावे. आणि कागद पाहूनही त्याचा सारांश करताना एखादी अट गळू शकते. म्हणून प्रत्येक उत्तरात शासन निर्णयाचा दिनांक, संकेतांक व 'तपासले ती तारीख' आली आहे ना हे पाहावे. आली नसेल तर ते उत्तर ऐकीव समजावे. अर्ज करण्यापूर्वी जळगाव किंवा धुळे येथील समाजकल्याण कार्यालयात किंवा महाविद्यालयातील शिष्यवृत्ती विभागात खात्री करून घेणे तर आहेच. जोडणी ही कार्यालयाची जागा घेत नाही. तेथे कोणता प्रश्न घेऊन व कोणते दाखले घेऊन जावयाचे, एवढे ती आधी सांगते. परंतु खेड्यातून एस. टी. ने येणाऱ्या मुलीचा एक हेलपाटा व एक दिवसाची मजुरी एवढ्यानेही वाचते.

सभासदांना विनंती

जोडणी एकदा बांधली की वर्षानुवर्षे चालेल. नोंदवही मात्र महिन्याभरात शिळी होते. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्यापेक्षा नोंदवही सांभाळणाऱ्या चार माणसांची गरज अधिक आहे, आणि त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. शासन निर्णय वाचण्याची सवय असलेले सेवानिवृत्त शिक्षक, कचेरीत काम केलेले कारकून, महाविद्यालयातील ग्रंथपाल हे काम उत्तम करू शकतात. दोन्ही जिल्ह्यांत दोन-दोन सभासदांनी जबाबदारी घ्यावी. एकाने नोंद करावी व दुसऱ्याने मूळ निर्णयाशी ताडून पाहावी. महिन्यातून एक रविवार त्यासाठी ठरवावा. ज्या ओळीवर तीन महिन्यांत कोणाची सही झालेली नाही, ती 'पुन्हा तपासणे आहे' अशा खुणेसहच दाखविली जाईल अशी योजना प्रोग्रॅममध्ये करता येते, आणि ती अवश्य करावी.

विद्यार्थी मित्रांनीही हे काम परके मानू नये. तुम्हांला एखाद्या योजनेचा लाभ मिळाला, तर कोणते दाखले प्रत्यक्षात मागितले गेले व किती दिवस लागले हे नोंदवही सांभाळणाऱ्यास येऊन सांगावे. शासन निर्णयात न लिहिलेली पुष्कळ माहिती अशाच सांगण्यातून गोळा होते, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या मुला-मुलींच्या ती उपयोगी पडते.